आधी आईला सांगा

वाचकाचं पत्र :

‘डॉक्टर, माझी आई ७२ वर्षांची आहे. सोळा महिन्यांपूर्वी तिच्या महाधमनीची आकसलेली झडप टावी करून, म्हणजे जांघेतून कॅथेटर (लांब, बारीक नळी) घालून बदलली. चौथ्या दिवशी ती स्वतःच्या पायांनी घरी आली. गेल्या दीड महिन्यापासून तिला संध्याकाळी कणकण यायची. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. दोन्ही वेळा चार दिवस बरं वाटलं आणि पुन्हा ताप आला. आता दम लागतो म्हणून भरती केलं, तर रक्तात एन्टेरोकॉकस नावाचे जंतू सापडले. अन्ननलिकेतून केलेल्या इकोत झडपेवर जंतूंचा १२ मिलिमीटरचा पुंजका हलताना दिसतो, झडपेच्या बाजूने रक्त गळतंय आणि मुळाशी पू झाला असावा असं म्हणतात. ईसीजीही बदललाय. सर्जन म्हणतात, याच आठवड्यात छाती उघडून झडप काढावी लागेल, धोका शंभरात वीस. भाऊ म्हणतो, सहा आठवडे अँटिबायोटिक देऊ आणि मग बघू, नाहीतर पुन्हा जांघेतूनच दुसरी झडप बसवा. छाती उघडायला नको म्हणून तर टावी केली होती, आणि तो आग्रह माझा होता. संमतिपत्रावर “तातडीच्या ऑपरेशनची शक्यता” असं काहीतरी लिहिलं होतं, आम्ही न वाचताच सही केली. माझं चुकलं का? आईला यातलं काहीच सांगितलेलं नाही. ताप उतरला की घरी जायचं, एवढंच तिला माहीत आहे. काय करू?’

ताई,

फोनवर बोललो तेच इथे जरा सविस्तर लिहितो आहे. या आजारात अंक निघेपर्यंत थांबून चालत नाही, म्हणून आधी फोन केला. अशाच पेचात सापडलेली आणखी घरं असणार, म्हणून तुमच्या परवानगीने, ओळख पुसून, हे छापायला दिलं.

मी तीस वर्षं हृदयाची ऑपरेशनं केली. टावीची झडप काढायची वेळ माझ्यावरही आली आहे, आणि ते सगळे रुग्ण वाचले असं मी म्हणणार नाही. तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही, इकोही पाहिलेला नाही. तरी मुळाशी पू, बाजूने गळती आणि बदललेला ईसीजी या तीन गोष्टी एकत्र वाचल्यावर माझं मत सरळ आहे. तुमचे सर्जन उगाच घाई करत नाहीयेत.

ईसीजीपासून सुरुवात करतो, कारण घरच्यांना तीच गोष्ट सगळ्यात किरकोळ वाटते. महाधमनीच्या झडपेला अगदी खेटून, खालच्या बाजूला, हृदयाच्या ठोक्याची वायर जाते. वरच्या कप्प्यांत निघालेला विजेचा इशारा तिथून खालच्या कप्प्यांत उतरतो. त्याला लागणारा वेळ ईसीजीवर मोजता येतो. त्याला पीआर अंतर म्हणतात, आणि ते २०० मिलिसेकंदांच्या आत असावं लागतं. टावीच्या झडपेचा दाब त्या वायरीवर पडूनही हे अंतर थोडं वाढतं, त्यामुळे एकट्या आकड्यावर जाऊ नका. सहा महिन्यांपूर्वी किती होतं, भरती केलं तेव्हा किती होतं, आज सकाळी किती आहे, हे विचारा. दिवसागणिक वाढत असेल तर पू वायरीपर्यंत पोहोचला, असंच आम्ही धरतो. रोज सकाळी ईसीजी काढतात तो त्याचसाठी. त्याच्या पुढची पायरी म्हणजे पूर्ण हार्ट ब्लॉक, इशारा खाली उतरणंच बंद होतं. ठोके एकदम तीस-चाळीसवर येतात, कधी थांबतात.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे असेच एक गृहस्थ होते. घरच्यांनी दहा दिवस मागितले. सगळ्यांना विचार करायचा होता, एक मुलगा परगावाहून यायचा होता. मीही ‘ठीक आहे’ म्हटलं. सहाव्या रात्री दोन वाजता त्यांना ब्लॉक झाला. तात्पुरता पेसमेकर घालून पहाटे ऑपरेशनला घेतलं, पण तोवर किडन्या बंद पडल्या होत्या. ते गेले. वेळेत घेतलं असतं तर नक्की वाचले असते, असं कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ते ‘ठीक आहे’ मी म्हणायला नको होतं, हे मला आजही वाटतं. म्हणून तुम्हाला सांगतो, दुसरं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण चोवीस तासांत घ्या. इकोच्या आणि सीटीच्या फिल्म्स आता मोबाइलवरही पाठवता येतात.

तुमच्या भावाचा मुद्दा खोडून टाकण्यासारखा नाही. टावीच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला म्हणजे प्रत्येकाची छाती उघडतात असं मुळीच नाही. उलट बहुतेकांवर औषधांनीच उपचार होतात. संसर्ग झडपेच्या पाकळ्यांपुरता असेल, गळती नसेल, पुंजका लहान असेल आणि अँटिबायोटिक सुरू केल्यावर काही दिवसांत ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहायची तपासणी, स्वच्छ येत असेल, तर सहा आठवडे शिरेतून औषध हाच मार्ग. एन्टेरोकॉकस फीकॅलिस असेल तर सहसा अँपिसिलिन आणि सेफ्ट्रिआक्झोन ही जोडी देतात, आणि ती चांगली लागू पडते.

पण औषध रक्तातून जातं, आणि पुवाच्या पोकळीत रक्त फिरत नाही. शिवाय टावीची झडप म्हणजे धातूची जाळी, तिला बाहेरून गुंडाळलेला कापडासारखा पट्टा, आणि आत गाईच्या किंवा डुकराच्या हृदयावरच्या आवरणातून कापलेल्या पाकळ्या. जंतू धातूवर आणि कापडावर बसले की स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. त्या थराच्या आत औषध पोहोचतं ते अगदी तोकडं. पाकळ्या जिवंत नाहीत, त्यांना स्वतःचा रक्तपुरवठा नाही, म्हणजे शरीराची स्वतःची फौजही तिथे जाऊ शकत नाही. म्हणून मुळाशी पू, औषध चालू असूनही न थांबणारा संसर्ग, गळतीमुळे दमणारं हृदय आणि १० मिलिमीटरपेक्षा मोठा हलणारा पुंजका, अशी परिस्थिती असली की ऑपरेशनचा विचार करावाच लागतो. पुंजक्याचा तुकडा सुटला तर तो थेट मेंदूकडे जाऊ शकतो. तुमच्या आईंच्या बाबतीत यातलं बरंचसं एकाच वेळी आहे.

इथे एक गोष्ट बाकीच्या वाचकांसाठी लिहितो, आणि ती मला फार पोटतिडकीने सांगायची आहे. कृत्रिम झडप असलेल्या माणसाला कारण न कळणारा ताप आला तर अँटिबायोटिकची पहिली गोळी देण्याआधी ब्लड कल्चर घ्या. एक नाही, वेगवेगळ्या वेळी टोचून निदान तीन. आधी गोळ्या दिल्या की ताप उतरतो, कल्चरमध्ये काही उगवत नाही, सगळे निर्धास्त होतात आणि जंतू झडपेवर शांतपणे वाढत राहतात. तुमच्या आईंच्या बाबतीत दोनदा नेमकं हेच झालं असावं. तुमच्या डॉक्टरांना दोष देण्यासाठी नाही लिहीत. वाताचा, सर्दीचा, लघवीच्या संसर्गाचा ताप रोज पाहणाऱ्याला झडप लक्षात येत नाही. ती आपणच लक्षात आणून द्यायची. दवाखान्यात पाऊल टाकताच पहिलं वाक्य ‘हिच्या हृदयात कृत्रिम झडप आहे’ हे असलं पाहिजे. दाताच्या कामाआधीही तेच. दात काढायचा किंवा हिरड्यांचं काम करायचं असेल तर पेनिसिलिनची ॲलर्जी नसलेल्यांना तासभर आधी अमॉक्सिसिलिनचा २ ग्रॅमचा एक डोस देतात.

आता ‘आतूनच दुसरी झडप’. हा उपाय खरा आहे, तुमच्या भावाने तो कुठेतरी वाचला असेल. टावीची झडप काही वर्षांनी झिजली, पाकळ्या कडक झाल्या, तर तिच्या आत दुसरी बसवता येते. पहिली नीट फुलली नाही म्हणून बाजूने गळत असेल तर फुगा घालून ती आणखी फुलवता येते, किंवा गळतीच्या फटीत कॅथेटरनेच बूच बसवता येतं. त्यात छाती उघडावी लागत नाही. पण हे सगळं जंतू नसलेल्या झडपेसाठी. तुमच्या आईंच्या झडपेत दुसरी बसवणं म्हणजे पुवावर झाकण ठेवणं. ही वाट त्यांच्यासाठी बंद आहे, आणि कुठल्या कार्डिओलॉजिस्टने ‘करून पाहू’ म्हटलं तर त्यांना शांतपणे विचारा, पू जाणार कुठे?

आणि आता तुमचा तो प्रश्न. तुमचं चुकलं नाही. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

एप्रिल २००२ मध्ये फ्रान्समधल्या रूआं इथे डॉ. अलेन क्रिबिए यांनी माणसात पहिल्यांदा ही झडप कॅथेटरने बसवली. ज्यांचं ऑपरेशन करायला कुणी तयार होत नाही, अशांसाठी ती सुरुवात होती. पुढे मोठ्या तुलनात्मक चाचण्या झाल्या, आणि २०१९ पर्यंत कमी धोक्याच्या रुग्णांतही ती ऑपरेशनच्या तोडीस तोड ठरली. अमेरिकेतली मार्गदर्शक तत्त्वं ६५ ते ८० या वयात दोन्ही पर्याय योग्य मानतात. युरोपातल्या तज्ज्ञांनी आधी ७५ ही रेघ धरली होती, ती २०२५ मध्ये ७० वर आणली. तुमची आई तेव्हा सत्तरीची होती. आणि मुख्य म्हणजे छाती उघडून, टाके घालून बसवलेल्या झडपेलाही जंतुसंसर्ग होतो, आणि तो साधारण तेवढ्याच प्रमाणात होतो. तेव्हा ऑपरेशन केलं असतं तरी हा ताप आला नसता, अशी खात्री कुणालाच देता आली नसती. आला असता तर आज त्यांची छाती दुसऱ्यांदा उघडावी लागली असती, आणि दुसऱ्यांदा उघडताना हृदय छातीच्या हाडाला चिकटलेलं असतं. तो त्रास या वेळी नाही. सर्जनच्या दृष्टीने ही छोटी गोष्ट नाही.

संमतिपत्रावरची ती ओळ वेगळ्या प्रसंगाची होती. टावी चालू असताना क्वचित काही घडतं. कॅथेटरला वाट दाखवणारी तार हृदयाच्या भिंतीतून बाहेर येते आणि हृदयाभोवती रक्त साठून ते दाबलं जातं, चुन्याने कडक झालेली झडपेची कडी फुगा फुगवताना फाटते, झडप निसटून वर किंवा खाली जाते, महाधमनीच्या भिंतीचे पदर सुटतात. तेव्हा तिथल्या तिथे छाती उघडावी लागते. युरोपात २०१३ ते २०१६ दरम्यान जांघेतून टावी झालेल्या सुमारे २७,७०० रुग्णांच्या नोंदीत ही वेळ २१२ जणांवर आली. म्हणजे शंभरात एकापेक्षा कमी. पण त्यातले जवळजवळ निम्मे रुग्णालयातच दगावले. जी रुग्णालयं टावी करतात तिथे सर्जन आणि हार्ट-लंग मशीन (हृदय-फुप्फुसांचं काम तात्पुरतं करणारं यंत्र) हाताशी असावं असा आग्रह आम्ही धरतो तो याच कारणासाठी. तुमची आई त्या दिवसातून सुखरूप बाहेर आली. ती ओळ तिथेच संपली. टावी करायला निघालेल्या वाचकांनी मात्र ती ओळ मोठ्याने वाचावी, आणि ‘तसं झालं तर तुम्ही छाती उघडणार का, की नाही?’ हे आधीच ठरवावं. फार थकलेल्या, खूप आजारी माणसाच्या बाबतीत ‘नाही’ हेही उत्तर असू शकतं, आणि ती ऑपरेशनच्या टेबलवर ठरवायची गोष्ट नाही.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात हे तुम्ही फोनवर विचारलंत. बहुतेक लोक विचारत नाहीत. मला वाटतं, कळलं की भीती कमी होते, निदान तिला आकार येतो.

छातीचं मधलं हाड उघडतात, शरीराचं रक्ताभिसरण हार्ट-लंग मशीनवर घेतात, पोटॅशियमचं थंड द्रावण देऊन हृदय थांबवतात आणि महाधमनी उघडतात. तुम्ही फोनवर केलेल्या वर्णनावरून आईंची झडप आपोआप फुलणाऱ्या, उंच जाळीच्या प्रकारातली वाटते. ती जाळी महाधमनीत बरीच वर येते, म्हणून नेहमीपेक्षा वरच्या बाजूला छेद घ्यावा लागतो, नाहीतर कात्री धातूवर आपटते. या जाळीचा धातू म्हणजे निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू, निटिनॉल. त्याचा एक गुण आमच्या फार कामी येतो. शरीराच्या उष्णतेत तो ताठ असतो आणि थंडीत मऊ पडतो. आम्ही बर्फासारखं गार सलाइन त्यावर ओततो आणि थोडं थांबतो. ताठ उभी जाळी हातात ढिली पडते. मग तिची वरची कडा चिमट्यात धरून आतल्या बाजूला हळूहळू गुंडाळत आणायची, भिंतीपासून सोडवत. पहिल्यांदा हे केलं तेव्हा जाळी मऊ पडलेली बोटांना जाणवली, आणि मला अक्षरशः हायसं वाटलं.

पण सोळा महिन्यांत शरीराने त्या जाळीवर स्वतःचं अस्तर चढवलेलं असतं. वरच्या भागात ती महाधमनीच्या भिंतीत रुतलेली असते. ओढली तर भिंतीचा आतला पदर सोबत येतो. म्हणून तिथे घाई चालत नाही. सपाट, बोथट अवजाराने अस्तर आणि भिंत यांच्यामधली वाट शोधत जावं लागतं. एका बाजूला हृदयातल्या शेजारच्या, मायट्रल झडपेची पुढची पाकळी चिकटलेली असते, दोन बाजूंना हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांची तोंडं असतात, आणि खाली ती वायर. जाळी बाहेर आली की मागे आईंची मूळची झडप दिसेल. टावीत जुनी झडप काढत नाहीत, बाजूला दाबून टाकतात. चुन्याने दगड झालेल्या त्या पाकळ्या तिथेच असतात. त्याही काढायच्या. मग पुवाची पोकळी उघडून, खरवडून, कुजलेला सगळा भाग काढायचा. हाच ऑपरेशनचा गाभा आहे. नवी झडप किती सुंदर बसवली यापेक्षा खराब भाग किती कसून काढला, यावर पुढचं अवलंबून असतं. उरलेलं खिंडार छोटं असेल तर प्राण्याच्या हृदयावरच्या आवरणाचा तुकडा लावून बुजवतात आणि टाके घालून नवी जैविक झडप बसवतात. पू पसरलेला असेल तर महाधमनीचं मूळच बदलावं लागतं, आणि कोरोनरी धमन्यांची तोंडं बटणासारखी कापून नव्या नळीत शिवावी लागतात. सर्जन ‘मूळ बदलावं लागेल’ म्हणाले असतील तर त्याचा अर्थ हा. पाच-सहा तास लागतील, कदाचित जास्त.

शंभरात वीस हा आकडा मला प्रामाणिक वाटतो. वेगवेगळ्या देशांतल्या ४२ रुग्णालयांनी टावीची झडप काढलेल्या २६९ रुग्णांची नोंद एकत्र केली, त्यात महिन्याच्या आत शंभरातले १३ गेले आणि वर्षभरात २८. झडप काढण्याचं सगळ्यात मोठं कारण जंतुसंसर्गच होतं. तुमच्या आईंना पू आहे, दम आहे. म्हणून त्यांचा धोका त्या १३ पेक्षा जास्त धरला, हे बरोबर. दुसऱ्या बाजूचा आकडा कुणी कागदावर लिहून देत नाही, म्हणून तो मनात येत नाही: पू असताना, गळती असताना, नुसत्या औषधावर राहिलं तर बहुतेकांचा शेवट वाईटच होतो. तुलना ‘ऑपरेशनचा धोका’ आणि ‘आत्ताची स्थिती’ यांची नाही. आत्ताची स्थिती टिकणार नाही.

ऑपरेशनआधी मेंदूचा स्कॅन झाला का, हे विचारा. अशा रुग्णांत छोटे तुकडे आधीच मेंदूत जाऊन बसलेले असू शकतात, काही जाणवत नसलं तरी. मेंदूत रक्तस्राव झालेला असेल तर हार्ट-लंग मशीनवर रक्त पातळ करावं लागत असल्यामुळे ऑपरेशन साधारण महिनाभर पुढे ढकलावं लागतं. कोरोनरी धमन्या पाहायच्या असतील तर कॅथेटरऐवजी सीटीने पाहणं बरं, कारण कॅथेटर त्या पुंजक्यापाशी फिरवणं धोक्याचं. आणि सर्जनना संकोच न करता विचारा, ‘तुम्ही स्वतः टावीच्या झडपा काढल्या आहेत का? मूळ बदलायची ऑपरेशनं नेहमी करता का?’ चांगल्या सर्जनला याचा राग येत नाही. हे काम क्वचित करणाऱ्या ठिकाणाहून नेहमी करणाऱ्या ठिकाणी हलवणं शक्य असेल, तर आईंची तब्येत स्थिर आहे तोवरच हलवा.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते.

एकदा एका आजींना ऑपरेशन थिएटरमध्ये आणलं होतं. दारापाशी स्ट्रेचर थांबलं, मी ओळख करून द्यायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरून विचारलं, ‘ताप उतरवायला इथे कशाला आणलं?’ सही मुलाने केली होती. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की आजींना सांगायचं नाही, घाबरतील. मी भूलतज्ज्ञांना थांबायला सांगितलं आणि स्ट्रेचर परत वॉर्डात नेलं. पलंगाशेजारी बसून सगळं सांगितलं, झडप, पू, छाती उघडणं, धोका. त्या घाबरल्या, हो. थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिल्या. मग दोन गोष्टी विचारल्या: शुद्धीवर आल्यावर बोलता येईल का, आणि वाचले तर स्वतःचं स्वतः उठता येईल का. मी म्हटलं, घशात नळी असेल तोवर बोलता येणार नाही, पुढे येईल. उठायला महिना-दोन महिने लागतील, पण तोच आपला प्रयत्न आहे. त्यांनी मुलाला आत बोलावलं आणि म्हणाल्या, ‘मला विचारायचं होतंस.’ दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. त्या आधीच्या रात्री त्या मुलाशी दोन तास बोलत बसल्या होत्या, हे नर्सने मला सांगितलं. ते दोन तास आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांच्याकडून काढून घेणार होतो.

ताई, तुमच्या आई शुद्धीत आहेत, बोलतात, समजतात. छाती त्यांची आहे. त्यांना आज सांगा. एकट्याने सांगणं जड जात असेल तर सर्जनना सोबत घ्या, भावालाही बसवा. ‘छोटंसं ऑपरेशन’ म्हणू नका, आणि सगळे आकडे एका दमात ओतूही नका. ताप का जात नाही इथून सुरुवात करा; त्यांनाही तेच कोडं पडलं असेल. मग गप्प राहून त्यांना विचारू द्या. माझा अनुभव असा आहे की आजारी माणसाला घरच्यांच्या चेहऱ्यांवरून बरंच आधीच कळलेलं असतं, आणि खोटं सांभाळण्याचा शीण दोन्हीकडे असतो.

त्या ‘नको’ म्हणतील, हीही शक्यता आहे. म्हटल्या तर एकदा नीट समजून घ्या: भीतीने म्हणतात का, तुम्हाला त्रास नको म्हणून म्हणतात का, की खरंच त्यांना नको आहे. खरंच नको असेल तर तोही निर्णय मानायचा. मग अँटिबायोटिक चालू ठेवून, दम आणि ताप आटोक्यात ठेवून, त्यांना जितकं चांगलं ठेवता येईल तितकं ठेवायचं. काहींना पुढे कायम गोळ्यांवर ठेवतात. तेही डॉक्टरी कामच आहे, आणि ते मनापासून करणारे डॉक्टर असतात. आणि एकदा ठरलं की तुम्ही आणि भाऊ, दोघांनी एकमेकांना पुढची दहा वर्षं त्यावरून बोलायचं नाही, एवढं आजच ठरवा.

त्यांनी ‘हो’ म्हटलं, तर पुढचं थोडं: आयसीयूत काही दिवस, व्हेंटिलेटर बहुधा एक-दोन दिवस. कायमचा पेसमेकर लागण्याची शक्यता बरीच आहे. पू वायरीपर्यंत गेलेला असेल तर लागेलच असं धरा आणि त्याला संकट मानू नका. ऑपरेशन झालं म्हणजे अँटिबायोटिक संपलं असं नाही. काढलेल्या झडपेतून जंतू उगवले तर सहा आठवडे ऑपरेशनच्या दिवसापासून मोजायचे, नाही उगवले तर रक्त स्वच्छ करणारं औषध सुरू झालं त्या दिवसापासून. पहिल्या काही दिवसांत आई कदाचित तुम्हाला ओळखणार नाही, काहीबाही बोलेल, नळ्या ओढायला बघेल. त्या वयात हृदयाच्या ऑपरेशननंतर असं बऱ्याच जणांना होतं आणि बहुतेकांचं निवळतं. त्यांचा चष्मा आणि श्रवणयंत्र असेल तर तेही आयसीयूत पाठवा. दिसायला-ऐकायला लागलं की माणूस लवकर जागेवर येतो.

एक शेवटचं काम. टावीच्या वेळी तुम्हाला झडपेचं कार्ड दिलं असेल, त्यावर झडपेचा प्रकार, माप आणि क्रमांक असतो. बहुधा डिस्चार्जच्या फाइलीत मागच्या पानाला असेल. जाळी किती उंच आहे, कुठल्या धातूची आहे, सलाइन ओतून मऊ पडणार आहे की तार कापायची कटर लागणार आहे, हे सर्जनना त्यावरून कळतं. घरून ती फाइल आज संध्याकाळपर्यंत मागवून घ्या.